१९५४ चं रिचमंड, १:४३ मध्ये: रस्ता खोटा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मेलबर्नमधल्या शेजारच्या आजोबांना ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांच्या लहानपणीचं रिचमंड, म्हणजे मेलबर्नचं एक आतलं उपनगर, मॉडेल करून द्यायचं आहे, साधारण १९५४ चं, १:४३ प्रमाणात. कोपऱ्यावरचं दुकान, बाजूचा बोळ, ट्रॅमचा रूळ आणि रस्ता उकरून काम करणारी माणसं. होल्डनच्या गाड्या मिळाल्या, घरं जमली, तरी ‘सगळं खेळण्यासारखं दिसतंय’. आणि एक स्टीमरोलर विकत घ्यावा का, हेही विचारलंय.

फोटो पाहिले. घरं चांगली झाली आहेत, गाड्यांबद्दल पुढे बोलतो. चुकलाय तो रस्ता. तुम्ही राखाडी पुठ्ठा कापून चिकटवलाय आणि त्यावर काळा चौकोन रंगवून त्याला खड्डा म्हटलंय. खरा रस्ता आधी थरांनी बांधला जातो, मग पाणी, गॅस, वीज, टेलिफोनवाले तो आळीपाळीने उकरतात आणि प्रत्येक जण आपापल्या परीने बुजवून जातो. मेलबर्नच्या आतल्या उपनगरांत १९५४ पर्यंत हे सत्तर-ऐंशी वर्षं चाललं होतं. म्हणून माझा सल्ला एकच आहे: मॉडेलचा रस्ताही त्याच क्रमाने करा. आधी कडेचे दगड, मग रूळ, मग डांबर, मग चर खणणं, बुजवणं आणि शेवटी डाग. क्रम पाळला की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

बरंचसं शहरावर अवलंबून आहे, म्हणून एक खुलासा. तुमच्या संदर्भ-फोटोंत सिडनी आणि मेलबर्न मिसळले आहेत. सिडनीच्या कडेचे दगड वालुकाश्माचे किंवा बाउरल गावच्या ट्रॅकाइटचे (हा ज्वालामुखीजन्य खडक), ब्रिस्बेनचे तिथल्या टफचे, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचे, किंचित गुलाबी-तपकिरी छटेचे. सिडनीच्या शहरभागात डांबराखाली लाकडी ठोकळ्यांची फरसबंदी असे, त्यामुळे तिथल्या चराच्या कापात लाकडाच्या फोडी दिसतात. मेलबर्न म्हणजे ब्लूस्टोन. तो बेसाल्टच, आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या जातीचा, फक्त वयाने खूप लहान. त्याचा रंग तुम्हाला डोळे मिटून माहीत असणार: कोरडा असताना राखाडी, ओला झाला की निळसर काळा. तुम्ही तो सगळीकडे काळा रंगवलाय, तो किमान तीन छटा उजळ करा.

आता मापं. ती अंदाजाने घेऊ नका. मेलबर्नच्या पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण मंडळाने (तिकडे सगळे एमएमबीडब्ल्यू म्हणतात) काढलेले तपशीलवार नकाशे व्हिक्टोरियाच्या राज्य ग्रंथालयाने डिजिटल स्वरूपात ठेवले आहेत. त्यांतले मोठ्या प्रमाणाचे नकाशे ४० फुटांना १ इंच, म्हणजे १:४८० चे आहेत. प्रत्येक घर, व्हरांडा, परसातला संडास, बोळ, बोळाची फरसबंदी, सगळं त्यांत आहे. ४८० भागिले ४३ म्हणजे ११.१६, तेव्हा नकाशाचा हवा तो तुकडा १,११६ टक्के मोठा करून छापला की तुमच्या मॉडेलचा आराखडा तयार. छापल्यावर नकाशावरची मोजपट्टी पट्टीने तपासा, कारण स्कॅन करताना कागद थोडा ताणलेला किंवा आकसलेला निघतो. नकाशा तुमच्या वर्षापेक्षा जुना असेल तर १९४५ ची हवाई छायाचित्रं पाहून मधल्या काळात काय पाडलं, काय बांधलं ते ताडून घ्या.

हमरस्ता बहुधा एक साखळी रुंद, म्हणजे ६६ फूट, २०.१ मीटर. १:४३ मध्ये ४६८ मिमी. एवढा रुंद रस्ता घेतलात तर घरं किरकोळ वाटतील. अर्धाच घ्या: फळीची कड रस्त्याच्या मध्यरेषेवर ठेवा आणि एकच रूळ दाखवा. मध्यरेषेपासून फूटपाथच्या दगडापर्यंत साधारण १६३ मिमी, त्यापुढे ७० मिमी फूटपाथ. रुळाचा मध्य फळीच्या कडेपासून ३९ मिमीवर. मेलबर्नचं रूळ-अंतर १,४३५ मिमी, मॉडेलमध्ये ३३.४. बाजारात मिळणारा ओ गेजचा (मॉडेल रेल्वेचं एक ठरलेलं माप) रूळ ३२ मिमीचा असतो. हा दीड मिलिमीटरचा फरक कुणाच्या डोळ्यांना कळत नाही, तो बेधडक वापरा. स्लीपर मात्र दिसता कामा नयेत. रूळ वरच्या पातळीपर्यंत भरून घ्या आणि आतल्या बाजूला एक मिलिमीटरची खाच सपाट टोकाने कोरा. भराव ओला असतानाच कोरायची, वाळल्यावर कोरली की कडा तुटतात.

इथे एक बारकावा आहे, आणि तो जमला की माहीतगार माणूस थांबून बघतो. ट्रॅमच्या रुळांमधला भाग आणि बाहेरच्या रुळापलीकडची साधारण दीड फुटाची पट्टी ट्रॅम मंडळाच्या देखभालीत, उरलेला रस्ता महापालिकेचा. दोघांचं डांबर वेगळ्या वर्षी पडायचं, वेगळ्या खडीचं असायचं. त्यामुळे बाहेरच्या रुळापासून दहा-अकरा मिमीवर रुळाला समांतर एक सरळ सांधा दिसतो. त्याच्या अलीकडे एक राखाडी, पलीकडे दुसरी. सांध्यावर थोडी झीज, मधूनच डांबर ओतून बुजवलेली काळी रेघ.

रुळांचा पट्टा सपाट ठेवा, तिथून पुढे रस्ता कडेकडे उतरता. जुन्या रस्त्यांचा बाक आजच्यापेक्षा जास्त असे. सांध्यापासून दगडापर्यंतच्या ९७ मिमीत अडीच-तीन मिमी उतार द्या. एवढ्यानेही उभी केलेली गाडी फूटपाथकडे किंचित कलते, आणि ते कलणं फार बोलकं असतं.

कडेचं काम डांबराआधी. कर्बचा दगड रस्त्यापासून साडेतीन मिमी वर दिसला पाहिजे. त्याला लागून ब्लूस्टोनच्या पिचरची, म्हणजे घडीव ठोकळ्यांची, उथळ पन्हळ. दोन-तीन ठोकळे रुंद, १५ ते २० मिमी. ठोकळा मॉडेलमध्ये ६ ते ८ मिमी लांब, ४ ते ५ मिमी रुंद. हवेत वाळणाऱ्या मातीची चार मिमी जाडीची पोळी लाटा, पट्ट्या कापा, वाळल्यावर मोडून ठोकळे करा. मोडलेली कड कापलेल्या कडेपेक्षा खरी दिसते. साचा करून शिक्का मारायचा मोह होईल. मारू नका, दर पाच सेंटिमीटरला तोच नमुना परत आला की डोळा लगेच पकडतो.

बोळ तर संपूर्ण याच ठोकळ्यांचा. ७५ मिमी रुंद आणि ३०० मिमी लांब बोळाला सातशेच्या आसपास ठोकळे लागतील, दोन संध्याकाळी धरून चाला. बोळाचा उतार मध्याकडे असतो, पन्हळ मधोमध. म्हणजे हमरस्त्याच्या बरोबर उलट. तुमच्या मॉडेलमध्ये बोळालाही दोन्ही कडांना गटारं आहेत, ती काढा. बोळाच्या कडेने परसातल्या संडासांच्या भिंती येतात. त्यांत खाली, जमिनीलगत, विटांनी बुजवलेली छोटी चौकट दाखवा: पूर्वी रात्री येणारा माणूस तिथून मैल्याचा डबा बदलायचा. मेलबर्नमध्ये घरं मैलावाहिनीला जोडायला १८९७ मध्ये सुरुवात झाली आणि आतली उपनगरं आधी जोडली गेली. त्यामुळे १९५४ च्या रिचमंडमध्ये चौकट बुजलेलीच हवी. बाहेरच्या नव्या उपनगरांत मात्र तेव्हाही डबेच होते.

फूटपाथ डांबरी करा. तुम्ही कापीव ब्लूस्टोनच्या मोठ्या फरशा लावल्या आहेत, त्या आजच्या शहरभागातल्या फोटोंवरून आल्या असणार. ती फॅशन बरीच नंतरची.

डांबराला काळा रंग देऊ नका. जुन्या रस्त्यावर डांबर फवारून त्यावर कच पसरलेली असायची, म्हणून रस्त्याचा रंग मुळात खडीचा. मध्यम राखाडीत चिमूटभर तपकिरी घाला आणि ०.३ मिमीची बारीक वाळू मिसळा. हे खऱ्या अर्ध्या इंची खडीचं माप झालं. पट्टीवर वाळू मोजणं अवघड, म्हणून चहाच्या गाळणीतून चाळा आणि खाली पडलेली पुन्हा कापडातून. वाहनांची चाकं जिथून जातात तिथे खडी आत दबून डांबर वर येतं, म्हणून चाकांच्या वाटा गडद आणि किंचित चकचकीत, मधला भाग फिकट. त्या फिकट भागाच्या मधोमध तेलाचा पुसट पट्टा. त्या काळच्या इंजिनांची वाफ आणि तेल नळीवाटे थेट रस्त्यावर पडायचं. थांब्यापाशी आणि चौकात हा पट्टा दाट करा.

आता चर. आधी ठरवा की तो कुणाचा. गॅस १९५१ पासून गॅस अँड फ्युएल कॉर्पोरेशनकडे, पाणी आणि मैला एमएमबीडब्ल्यूकडे, टेलिफोन पोस्टमास्टर-जनरलच्या खात्याकडे, म्हणजे पीएमजीकडे. पाण्याचा किंवा गॅसचा चर दोन फूट रुंद, दोन-तीन फूट खोल: मॉडेलमध्ये १४ मिमी रुंद, १४ ते २१ मिमी खोल. मैलावाहिनीचा चर माणूस बुडेल एवढा, पन्नास मिमी आणि पुढे. तुमची फळी २० मिमीची आहे, तेव्हा मैलावाहिनी विसरा, किंवा खाली ५० मिमीचा फोम जोडा. खोल चराला उभ्या फळ्या, त्यांना आडवे वासे आणि मधून आडवे टेकू लागतात. ते नसले तर कुणीही अनुभवी माणूस म्हणेल, हा आत उतरलेला गेला!

चराच्या कापात वरून खाली असं दिसू द्या: एक-सव्वा मिमी डांबर, तेही दोन-तीन रेघांत, कारण वर्षानुवर्षं थरावर थर चढलेला. मग चार-पाच मिमी फोडलेला काळा दगड, मातीत घट्ट बसलेला. त्याखाली माती. मेलबर्नच्या पूर्वेकडे ती पिवळसर, पश्चिम आणि उत्तरेकडे बेसाल्टची करडी-काळी चिकणमाती. उकरलेला माल एकाच बाजूला, पण तीन वेगळ्या ढिगांत: डांबराचे खापऱ्यांसारखे तुकडे, डबर आणि माती. पन्हळीतून चर गेला असेल तर काढलेले पिचर फूटपाथवर नीट रचून ठेवलेले, कारण ते परत बसवायचे असतात.

चालू चरापेक्षा जुने चर जास्त महत्त्वाचे. बुजवताना सहा-सहा इंचांचा थर टाकून धुम्मस मारायची असते. घाईत दोन फूट माती एकदम ढकलली की वरचा भाग घट्ट, खालचा पोकळ, आणि दोन पावसाळी महिन्यांत चर बसतो. हे गृहीत धरूनच ताजं ठिगळ अर्धा-पाऊण इंच उंच ठेवायचे, वाहनांनी दाबून सपाट होईल म्हणून. मॉडेलमध्ये ०.३ मिमी, म्हणजे साध्या कागदाचे तीन थर. तर रस्त्यावर एक ताजं ठिगळ दाखवा, काळं, किंचित फुगलेलं. दोन-तीन जुनी, राखाडी, पाव मिमी खचलेली, त्यांतल्या एकात चकचकीत वार्निशचा थेंब, साचलेलं पाणी. एक ठिगळ दुसऱ्याला कापून गेलेलं. घराकडे जाणाऱ्या नळजोडणीची ठिगळं रस्त्याला काटकोनात, मुख्य वाहिन्यांची रस्त्याला समांतर. तिरपं ठिगळ सहसा नसतं, तुमच्या मॉडेलमध्ये आहे.

ठिगळ कसं घालायचं ते कळलं की माणसं कुठे उभी करायची तेही कळतं. भरावाच्या वर मोठी खडी, तीवर धुम्मस. मग भट्टीतून बादलीत घेतलेलं कढत डांबर चोचीच्या भांड्याने ओतायचं, ते खडीत झिरपतं. वर कच, पुन्हा धुम्मस, पुन्हा थोडं डांबर, शेवटी बारीक कच. म्हणून एक जण भट्टीपाशी, एक ओतणारा, एक फावड्याने कच उडवणारा, एक धुम्मस घेऊन, आणि मुकादम टोपी घालून बाजूला. चर चालू असेल तर आणखी दोघे आत, फक्त कमरेच्या वरचे दिसणारे. सहा-सात माणसं पुरेत. फावड्यांचे दांडे लांब, छातीपर्यंत येणारे. ऑस्ट्रेलियात तेच चालतं. आपल्याकडचं घमेलं नाही, एकचाकी ढकलगाडी.

भट्टी लाकडावर चालणारी, चाकांवरची, धुराड्याची. तिच्यापासून चार-पाच पावलांवर ४४ गॅलनची पिंपं, १:४३ मध्ये २०.५ मिमी उंच आणि १३.५ मिमी व्यासाची. डांबर दीडशे अंशांच्या वर तापवतात. पिंपात पावसाचं पाणी शिरलं असेल तर ते भट्टीत वाफ होऊन फुगतं आणि फेसासकट उतू जातं, खालच्या आगीवर. म्हणून पिंपं उभी ठेवलीत तर तोंडं बंद दाखवा, आडवी ठेवलीत तर उत्तम. भट्टीखालचा रस्ता ओघळांनी काळा, आणि जवळ रॉकेलची बादली, अवजारं धुवायला.

माणसांचे कपडे: गडद निळ्या बंड्या किंवा बाह्या दुमडलेले सदरे, जाड विजारी, चामडी बूट, फेल्टच्या टोप्या. हेल्मेट नाही, चमकणारी जाकिटं नाहीत, प्लॅस्टिकचे नारिंगी शंकू नाहीत. फूटपाथच्या दगडावर एक-दोन चामडी ग्लॅडस्टन बॅगा आणि चहाचा पत्र्याचा डबा. चेहरे सगळे एकसारखे गोरे रंगवू नका. १९४७ नंतर युरोपातून आलेल्या विस्थापितांना दोन वर्षं सरकार नेमेल ते काम करण्याचा करार असे, त्यांच्या पाठोपाठ इटली, ग्रीस, माल्टाहून आलेले. उन्हात रापलेल्या वेगवेगळ्या छटा हव्यात.

अडथळ्याला लाकडी घोड्या आणि वर आडवी पांढरी फळी. तीवर लाल काचेचे रॉकेलचे कंदील, साडेसात-आठ मिमी उंच, दिवसा न पेटलेले. रात्रीचं दृश्य करायचं असेल तर ०६०३ मापाचे (साधारण १.६ × ०.८ मिमीचे) लाल एलईडी घ्या. पाच व्होल्टवर प्रत्येकाला स्वतंत्र १ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) लावा, तीन मिलिअँपिअर पुरतो. सगळ्यांना मिळून एकच रोधक दिलात तर एक भगभगीत आणि दुसरा मिणमिणता होतो. रात्रीच्या दृश्यात भट्टी थंड, अवजारं पेटीत, आणि एकटा पहारेकरी कोळशाच्या शेगडीपाशी.

गाड्यांबद्दल. तुमच्या तीन होल्डनपैकी एफजे चालेल, ती १९५३ ची. ४८-२१५ तर हवीच, ती १९४८ ची. एफई १९५६ ची, ती परत करा. एकूण गाड्या कमीच ठेवा, आणि निम्म्या ब्रिटिश: ऑस्टिन ए४०, मॉरिस मायनर. दूधवाल्याची किंवा पाववाल्याची घोडागाडी एक असू द्या, तिच्या मागे थोडी लीद. ट्रॅम हिरवी आणि क्रीम, डब्ल्यू वर्गाची, मॉडेलमध्ये ३३० मिमी लांब. वर एका दांड्याचा ट्रॉली पोल, पँटोग्राफ नको. एवढी लांब ट्रॅम तुमच्या फळीवर अख्खी बसली तर बाकी काही दिसणार नाही, तेव्हा तिचं फक्त पुढचं टोक दाखवा, बाकीची ट्रॅम फळीच्या कडेला कापलेली. रस्ता कोणता ते मात्र नक्की करा, कारण शहरातल्या बर्क स्ट्रीटवर १९४० ते १९५५ ट्रॅमच नव्हती. छपरांवरचे टीव्हीचे अँटेना काढा, मेलबर्नमध्ये टीव्ही नोव्हेंबर १९५६ मध्ये आला.

स्टीमरोलर घेऊ नका. दोन फुटी चराच्या ठिगळावर दहा टनी रोलर कुणी आणत नाही, तिथे धुम्मस पुरते. रोलर दिसतो तो अख्खा रस्ता नव्याने करताना, आणि ते वेगळं दृश्य झालं. शिवाय खेळण्यातले बहुतेक स्टीमरोलर १:४३ चे नसतात. मोहच असेल तर घेण्याआधी मागच्या चाकाची उंची मोजा आणि तुमच्या एफजेशेजारी ठेवून बघा.

एक काम फोम कापायच्या आधी. आजोबांना भेटवस्तूचा सुगावा न लागू देता विचारा, घरासमोर काय खणत होते? ‘टेलिफोनवाले’ म्हणाले तर चर फूटपाथवर न्या आणि पिचरना हात लावू नका. ‘गॅस’ म्हणाले तर चर रस्त्यात, दगडापासून ३० ते ४० मिमीवर. आणि ‘ट्रॅमवाले’ म्हणाले तर ही सगळी ठिगळं तशीच ठेवून रुळांमधला पट्टा उकरा. तिथे डांबराखाली काँक्रीट निघेल, फोडलेला दगड नाही, आणि फावड्यांऐवजी जॅकहॅमर आणि मागे ओढून आणलेला कॉम्प्रेसर लागेल.